मदत हवी आहे, पण खात्याचा ताबा माझ्याकडेच ठेवायचा आहे. काय करता येईल?

गणिताच्या_बाई

नमस्कार. वय ७४, निवृत्त शिक्षिका. यजमान गेल्यावर पैशाचं सगळं माझ्याकडे आलं आणि ते मला जमतं. जमतं काय, आवडतंही. मुदत ठेवींच्या तारखा एका वहीत लिहिलेल्या आहेत. व्याज जमा झालं की चक्रवाढीने स्वतः काढून बँकेच्या आकड्याशी ताडून बघते. रुपया इकडे तिकडे झाला तर झोप लागत नाही, हा धंद्याचा दोष.

आता हाताला कंप सुटलाय. सही जुळत नाही म्हणून एक चेक परत आला. मोबाइलवरची अक्षरं बारीक दिसतात. मुलगा दुसऱ्या राज्यात असतो, लेक जवळच राहते. मुलगा सुट्टीवर आलाय आणि जाण्यापूर्वी त्याला सगळं 'लावून' जायचंय. त्याच्या तीन सूचना आहेत. एक, बँकेत माझ्या नंबरऐवजी त्याचा मोबाइल नंबर द्यायचा, म्हणजे ओटीपीची कटकट मला नको. दोन, सगळ्या खात्यांवर आणि ठेवींवर त्याचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणून लावायचं. तीन, फ्लॅट आत्ताच त्याच्या नावावर बक्षीसपत्राने करायचा, 'नंतर कोर्टकचेरी नको' म्हणून.

मुलगा लबाड नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तो विषय निघणार नाही. आईचा त्रास कमी व्हावा एवढंच त्याच्या मनात आहे. पण चौकशीला बँकेत गेलो तेव्हा काउंटरवरची मुलगी माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाली, "आजींचं खातं ना? आजींना समजतंय ना सगळं?" आजी समोर उभी होती, पासबुक हातात धरून. त्या दिवसापासून मनात आहे की उद्या ओटीपी मुलाकडे, सही कुणाचीही, घर त्याच्या नावावर, मग बँकेत मी जायचं तरी कशाला?

मला मदत हवी आहे. ताबा सोडायचा नाहीये. हे दोन्ही एकत्र जमतं का? अनुभव असलेल्यांनी सांगावं.

काउंटरपलीकडचा

बाई, नमस्कार. सगळी नोकरी बँकेत झाली, निम्मी काउंटरच्या पलीकडे. त्या मुलीच्या वतीने आधी माफी मागतो. खातेदार समोर असताना दुसऱ्याशी बोलायचं नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे.

तुमच्या तीन गोष्टींतली पहिली सगळ्यात किरकोळ वाटते आणि तीच सगळ्यात मोठी आहे. पूर्वी ज्याची सही त्याचं खातं असायचं. आता ज्याच्या फोनवर ओटीपी येतो त्याचं. नंबर बदलला की नेट बँकिंगचा पासवर्ड नव्याने लावणं, ठेव मोडणं, पैसे पाठवायला नवीन नाव जोडणं, सगळं त्या फोनवरून होतं आणि तुमच्याकडे साधा मेसेजसुद्धा येत नाही. आमच्या शाखेत एक गृहस्थ दर महिन्याला फक्त पासबुक छापून घ्यायला यायचे. मशीन बंद असलं तर चालू होईपर्यंत बाकावर बसून राहायचे. आम्ही मनात हसायचो. पुढे कळलं की नंबर मुलाचा होता, आणि आपल्या खात्यात काय चाललंय हे कळायला त्यांच्याकडे तेवढाच एक कागद उरला होता. नंबर बदलू नका. मोठ्या अक्षरांचा फोन घ्या, मेसेज मोठ्याने वाचून दाखवायची सोय फोनमध्येच असते ती मुलाकडून चालू करून घ्या. लावून जायचंय ना त्याला, हे लावून द्यायला सांगा.

ओटीपी किंवा पिन दुसऱ्याच्या हातात देण्यात आणखी एक मेख आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच ही माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी. दुसरा म्हणजे घरचा की परका, असा फरक त्यात नाही.

आता 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. मराठीत सांगायचं तर दोघांपैकी कोणीही, केव्हाही, दुसऱ्याला न विचारता. तुमच्या मनात जे आहे त्यासाठी 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' नावाचा प्रकार आहे. पहिलं नाव तुमचं, हयातीत खातं फक्त तुम्ही चालवायचं, तुमच्यामागे दुसऱ्या नावाला ते चालवता येतं. फॉर्मवर खूण करायचा चौकोन असतो, पण तो दाखवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. पेनाने टिक मारताना तुम्ही स्वतः बघा. ठेवीला हा प्रकार घेतलात तर आणखी एक संमती लिहून द्या, तुमच्यानंतर मुदतीआधी ठेव मोडायचा अधिकार दुसऱ्या नावाला असेल अशी. ती नसली की नेमक्या गरजेच्या वेळी अडतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे असतील तर तिथे मुलाचं नाव लागणारच नाही. ते खातं संयुक्त करायचं तर फक्त नवरा-बायकोचं होतं. मुलांना तिथे नॉमिनी करता येतं.

रोजच्या खर्चासाठी लेकीची मदत लागणार असेल तर वेगळं छोटं खातं उघडा, दोघींच्या नावाने, हवं तर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. मोठ्या खात्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम तिकडे आपोआप जाईल अशी सूचना बँकेला लिहून द्या. चूक झाली, फसवणूक झाली, भांडण झालं, तरी जाईल ते महिन्याभराचं.

सहीचं म्हणाल तर कंपामुळे सही बदलते हे बँकेला नवीन नाही. शाखेत जाऊन नमुना सही नव्याने द्या. पुढेमागे सही अजिबात जमली नाही तर अंगठा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, बँकेच्या ओळखीचे, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. हाताचा अंगठा शक्य नसेल तर पायाचाही चालतो, असं नियमातच लिहिलंय. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्या, म्हणून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. रोख आणून देणं, चेक घेऊन जाणं, हयातीचा दाखला. शाखेत लेखी मागा. तोंडी मागितलं की "साहेब रजेवर आहेत" ऐकायला मिळतं, आम्हीही तेच सांगायचो.

स्पष्टच_बोलतो

मला काही हे पटत नाही. पोटच्या मुलावर एवढा अविश्वास? मी स्वतः आईवडिलांचं सगळं बघतो. दर वेळी त्यांना ओटीपी विचारायला ऑफिसमधून फोन करायचा, ते चष्मा शोधणार, तोवर वेळ संपणार, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी नंबर माझाच दिला. आज दोघेही निवांत आहेत. उतारवयात माणसाने पैशाचा सोस सोडावा.

गणिताच्या_बाई

@स्पष्टच_बोलतो, तुमच्या आईवडिलांना विचारून केलं असेल आणि त्यांना बरं वाटत असेल तर चांगलंच आहे. एक विचारू? मागच्या महिन्यात त्यांच्या खात्यातून काय काय गेलं हे त्यांना आज, तुम्हाला न विचारता, कळू शकतं का? कळत असेल तर माझं म्हणणं संपलं.

सोस म्हणाल तर मला पैसे उडवायचे नाहीत. मोलकरणीच्या मुलीची फी मी भरते. परवा मुलाने पासबुकात ती नोंद बघितली आणि म्हणाला, "हे काय गं आई, दर वर्षी?" चांगल्या आवाजातच म्हणाला. पण मला उत्तर द्यावं लागलं. पस्तिशीत मी कोणाला उत्तर देत नव्हते.

एकुलती_लेक

बाई, मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते. माझ्या बाबांना स्मृतिभ्रंश आहे. तुम्ही आज जे विचारताय ते त्यांनी वेळेवर विचारलं असतं तर बरं झालं असतं असं रोज वाटतं, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली गोष्ट मुखत्यारपत्राची. ते करून ठेवलं की काम झालं, असं सगळे सांगतात. बाबांनीही माझ्या नावाने केलं होतं. पण आपल्याकडे करार कायदा १८७२ चा, आणि त्याच्या २०१ कलमाप्रमाणे ज्याने मुखत्यारपत्र दिलं त्याची बुद्धी चालेनाशी झाली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवलं, त्याच दिवशी त्याचा कागद होतो. काही देशांत असं मुखत्यारपत्र त्यानंतरही चालू ठेवायची सोय आहे, आपल्याकडे नाही. मग उरतं ते उच्च न्यायालय. घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली अर्ज करायचा आणि पालक म्हणून नेमून घ्यायचं. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, बाकीच्या वारसांची संमती. मी त्यातून गेलेय. वकील सज्जन होते, न्यायाधीशही. तरी कुणावर ही वेळ येऊ नये.

म्हणून 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'बद्दल एक सावधगिरी, काउंटरपलीकडच्या काकांना विचारूनच सांगते. त्यात हयातीत फक्त पहिलं नाव. तुम्ही हयात आहात पण भान नाही, अशी वेळ आली तर ते खातं कुणालाच चालवता येणार नाही. त्यांनी सांगितलेलं छोटं संयुक्त खातं तेव्हा जीव वाचवतं. त्यात महिन्याभराचा खर्च ठेवायची सवय असली तरी एखाद्या दवाखान्याच्या मुक्कामाला पुरेल एवढी शिल्लक तिथे असू द्या. आमच्याकडे ती नव्हती.

दुसरी गोष्ट, जिच्यावर कुणी बोलत नाही. भान जातं ते दिवा विझल्यासारखं एकदम जात नाही. बाबांना सकाळी दहापर्यंत सगळं कळतं. संध्याकाळी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारतात. तर त्यांचे पैशाचे निर्णय आम्ही सकाळी घेतो. रविवारी नाश्ता झाला की मी पासबुक आणि लाल पेन समोर ठेवते. ते एकेक ओळ वाचतात आणि बरोबर वाटली की टिक करतात. वीजबिलावर नेहमी थांबतात. "एवढं कसं आलं?" मग मी बिल दाखवते, मागच्या महिन्याचं शेजारी ठेवते, त्यांचं समाधान होतं, टिक. यातलं काहीही कायद्याने आवश्यक नाही. पालक म्हणून मीच सगळं करू शकते. पण ज्या रविवारी घाईत मी हे टाळलं, तो आख्खा दिवस ते कपाटं उघडून काहीतरी शोधत होते. पाकीटही त्यांच्या खिशात असतं. थोड्या नोटा असतात त्यात. हरवल्या तर हरवल्या.

तुमच्यासाठी लगेच उपयोगी पडेल असं एक: यूपीआय सर्कल. ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. खातं तुमचं, पिन तुमचा, आणि लेकीला दुय्यम वापरकर्ती म्हणून जोडायचं. दोन प्रकार आहेत. एकात ती पैसे द्यायला निघाली की तुमच्या फोनवर विचारणा येते, तुम्ही पिन टाकलात तरच जातात. दुसऱ्यात तुम्ही मर्यादा ठरवून देता आणि त्या मर्यादेत ती न विचारता खर्च करते. महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये आणि एका वेळी ५,०००. मनात आलं की तिला काढूनही टाकता येतं. ओटीपी तिच्या फोनवर पाठवण्यापेक्षा हे शंभरपट बरं, कारण खर्च ती करते आणि मालकीण तुम्हीच राहता.

काउंटरपलीकडचा

@एकुलती_लेक, बरोबर बोललीस बेटा. 'फॉर्मर' हयात आहे पण सही करायच्या स्थितीत नाही, यावर शाखेत बसून मी डोकं धरलंय. छोट्या खात्याची शिल्लक थोडी वाढवा बाई, मी महिन्याभराची म्हणालो होतो ती कमी पडेल.

कागद_वाचणारा

फ्लॅटवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी दिवाणी बाजूला काम करतो. हा सल्ला सर्वसाधारण समजावा, तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.

बक्षीसपत्र नोंदवून झालं की घर त्याच दिवशी मुलाचं. तुम्ही तिथे राहता ते त्याच्या मर्जीने. मुलगा उत्तम आहे, मान्य. पण त्याचं कर्ज, त्याचा घटस्फोट, देव न करो पण त्याचं तुमच्या आधी जाणं, यातलं काहीही झालं तर घराचं काय होईल हे ठरवताना तुम्हाला विचारायची कुणाला गरज नाही. 'नंतर कोर्टकचेरी नको' हे खरं असेल तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार, दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. त्याच सुमारास डॉक्टरांकडून तुम्ही मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा दाखला घेऊन सोबत ठेवा. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, फाडता येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही.

तरीही बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३ वं कलम वाचा. साठीपुढच्या माणसाने 'माझी देखभाल करायची' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती केली नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे. जीव अडकतो तो 'अटीवर' या शब्दात. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईची मागणी फेटाळली, कारण तिने मुलींना दिलेल्या हक्कसोडपत्रात आणि तिच्या अर्जातही तशी अट कुठेच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केलं. तिथे देखभालीचा उल्लेख होता आणि मुलाने वेगळं वचनपत्रही लिहून दिलं होतं. तेव्हा अट कागदावर हवी. नमुन्यातल्या बक्षीसपत्रात "प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणतीही अट न ठेवता" असं वाक्य तयार असतं. टायपिस्ट ते काढत नाही, तुम्हाला सांगावं लागतं. शिवाय हयातभर तिथे राहण्याचा हक्क तुम्ही राखून ठेवलाय हेही त्यातच लिहून घ्या.

नॉमिनीबद्दल एक गैरसमज बहुतेक घरांत असतो. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण ते तो वारसांसाठी सांभाळतो. कोणाला किती, हे मृत्युपत्र सांगतं. म्हणून दोन्ही जुळवून ठेवा, नाहीतर भावाबहिणींत तिथेच ठिणगी पडते.

गणिताच्या_बाई

सगळ्यांचे आभार. एकुलती लेक, तुझं पुन्हा वाचलं. लाल पेनाचं तर मुलालाही वाचून दाखवलं.

काल त्याला समोर बसवलं. तुमची उत्तरं छापून आणली होती (मुलानेच छापून दिली, हे विशेष). आधी तो थोडा दुखावला. "तुला वाटतं मी घर विकीन?" म्हणाला. मी म्हटलं, तू विकणार नाहीस, पण तुला विकावं लागलं तर? यावर गप्प झाला. त्याच्या स्वतःच्या घराचं कर्ज किती उरलंय हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.

ठरलं ते असं. नंबर माझाच. त्याने फोनची अक्षरं एवढी मोठी करून दिली आहेत की शेजारणीला पलीकडच्या गॅलरीतून वाचता येतील. मोठं खातं आणि ठेवी 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर', ठेव मोडायची संमती लिहून. लेकीबरोबर छोटं खातं. सर्कलवर लेक, विचारणा येणाऱ्या प्रकारात. रोज रोज पिन टाकायचा कंटाळा आला तर दुसरा प्रकार घेऊ. फ्लॅटचं बक्षीसपत्र नाही, मृत्युपत्र. मसुदा मीच लिहितेय, नंतर वकिलांना दाखवीन. आणि मोलकरणीच्या मुलीच्या फीची तरतूद त्यात केली आहे, म्हणजे तो प्रश्न पुन्हा कोणी विचारायला नको.

मुलाची एक अट होती, ती मी मानली. अनोळखी माणसाने फोनवर पोलीस, कुरियर, बँक काहीही म्हणून घाबरवलं तर फोन ठेवायचा आणि आधी लेकीशी बोलायचं. 'डिजिटल अटक' नावाचं काही कायद्यात नाही हे मला ठाऊक आहे, पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही, हे त्याचं म्हणणं मला पटलं. सायबर तक्रारीचा १९३० हा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

एक शेवटची शंका, काउंटरपलीकडच्यांना. आता एकापेक्षा जास्त नॉमिनी देता येतात असं ऐकलं. मला मुलगा आणि लेक दोघांनाही द्यायचं आहे, सारखं नाही पण, लेक रोजची धावपळ करते म्हणून तिला थोडं अधिक. त्यासाठी दोघांच्या सह्या लागतील का? लागल्या तर आकडा दोघांना कळेल, तो मला आत्ताच कळू द्यायचा नाही.

काउंटरपलीकडचा

नॉमिनीची सही लागत नाही बाई, तुमची पुरते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. एकामागून एक असेही देता येतात, किंवा एकाच वेळी टक्केवारीने. तुम्हाला टक्केवारीचा प्रकार हवा. लॉकर असेल तर तिथे मात्र टक्के चालत नाहीत, फक्त एकामागून एक. पासबुकावर नॉमिनीचं नाव छापलं जातं का, हे शाखेत आधी विचारून घ्या. कपाटातलं पासबुक कोणीही चाळू शकतं. नोंदणी झाल्याची पोच तेवढी मागून घ्या आणि मृत्युपत्राच्या मसुद्याशेजारी ठेवा, दोन्हीकडचे टक्के सारखे हवेत.

बेरीज शंभर झाली पाहिजे, हे तुम्हाला मी काय सांगणार.